बाटली कधी उघडली, ते आधी विचारा

"काकू, पहिल्यांदाच पिताय ना, म्हणून तुम्हाला तसं वाटतंय."

हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. गेली १८ वर्षं मी मुलुंडला गव्हाणपाड्यात मालवणी मसाला करून विकते. धणे जुने की नवे, खोबरं खवट व्हायला लागलंय का, हे पिशवीचं तोंड सोडलं की मला कळतं. आणि मला म्हणे वास कळत नाही!

झालं ते असं. फेब्रुवारीत नणंदेच्या पन्नाशीनिमित्त आम्ही चौघं नाशिकला गेलो. मोठ्या वायनरीत शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मुद्दाम मंगळवार धरला आणि जागाही लहान निवडली. एका कुटुंबाची वायनरी, त्यांच्याच जुन्या वाड्यात वाइन चाखायची सोय. वाडा खरोखर देखणा आहे, ते मी नाकारत नाही. दिंडी दरवाजा, दगडी जोतं, मधला चौक, सागवानी खांब, हाताने घडवलेल्या तुळया. भिंतीवर पणजोबांपासूनच्या तसबिरी. मालक स्वतः फिरून सगळं दाखवत होते आणि आम्ही माना डोलावत होतो.

चाखायला मात्र माडीवर नेलं. वर पत्रा, खाली फळ्यांचं छत. खाली चौकात गारवा होता, वर दुपारी अडीचला पाठ भिजत होती. कोनाड्यात तीन बाटल्या अर्ध्या भरलेल्या, बुचं वरच्यावर टेकवलेली. त्यातलीच एक उचलून पहिला प्याला भरला. सॉव्हिन्यॉ ब्लाँ. माणशी ६०० रुपयांत पाच वाइन ठरल्या होत्या.

मालक सांगत होते, "पेरूचा वास येईल, थोडी हिरवी ढोबळी मिरची." मी प्याला नाकाशी नेला. पेरू नाही, मिरची नाही. सफरचंद कापून डब्यात दिलं आणि मुलाने ते तसंच परत आणलं की डबा उघडल्यावर जो वास येतो, तो. मागे किंचित व्हिनेगर. मी प्याला खिडकीकडे धरला. पिकल्या लिंबाच्या सालीसारखा पिवळा रंग. आणि त्यांच्याच छापील पत्रकात लिहिलेलं, 'फिकट, हिरवट छटा'. तिथेच माझ्या मनात लख्ख प्रकाश पडला : ही बाटली आज उघडलेली नाही. ही शनिवार-रविवारच्या गर्दीतली उरलेली आहे.

मी सरळ विचारलं, "ही कधी उघडली?" त्यावर ते वरचं वाक्य. मग पुढे, "आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या द्राक्षं आहेत." आमचे हे कानाशी कुजबुजले, "जाऊ दे ना." नणंद बिचारी खाली बघत बसली, तिचा वाढदिवस होता. मी गप्प बसले. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

पिढ्यान्पिढ्या द्राक्षं असतील, पण त्यातून वाइनचं काय सिद्ध होतं? महाराष्ट्रात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी वाइन सुरू केली ती १९८०च्या दशकात. नाशिकने खरा जोर धरला तो राजीव सामंतांनी १९९९मध्ये सुला उभी केल्यावर आणि राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१मध्ये आल्यावर. म्हणजे वाडा शंभर वर्षांचा असला तरी त्यातली वाइन शंभर वर्षांची परंपरा नव्हे. आपण मात्र तुळया बघून मान खाली घालतो.

निघताना यांनी भिडेपोटी तीच वाइन विकत घेतली, बंद बाटली. पुढच्या रविवारी घरी थंड करून उघडली. फिकट, हिरवट, आणि काय सुंदर पेरूचा वास! अर्धी मी मुद्दाम बूच न लावता ओट्यावर ठेवली. बुधवारी सकाळी यांच्या नाकाशी धरली. हे म्हणाले, "हीच ती." म्हणजे त्यांची वाइन चांगलीच आहे. वाढलेली वाइन शिळी होती. फोन करून हे सांगितलं, तर उत्तर आलं, "प्रत्येकाची आवड वेगळी." चूक झाली, एवढं म्हणायला काय जात होतं?

तुम्ही जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा.

बसल्या बसल्या विचारा, बाटली कधी उघडली. नीट बूच लावून फ्रीजमध्ये ठेवलेली पांढरी वाइन दोन-तीन दिवस चांगली राहते, लाल थोडी जास्त. फसफसणारी दुसऱ्या दिवशीच बसते. उघड्यावर, उकाड्यात यातलं काहीच टिकत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला जात असाल तर नवी बाटली समोर उघडायला सांगा. चांगला मालक रागावत नाही.

पांढऱ्या कागदापुढे प्याला धरून रंग बघा. कोवळी पांढरी वाइन गडद पिवळी किंवा तपकिरी दिसली की थांबा.

जुन्या वाड्यात तळमजल्यावर बसायचा आग्रह धरा. जाड दगडी भिंती गारवा धरतात, पत्र्याखालची माडी धरत नाही. जिने उभे असतात, गुडघे दुखणाऱ्यांनी तर आधीच चौकशी करावी.

माणशी पैसे किती, किती वाइन, प्रत्येकी किती मिलिलिटर, बाटली घेतली तर ते पैसे वळते होतात का, हे फोनवरच ठरवून घ्या. आम्ही विचारलं नाही, वळते झाले नाहीत.

मोगऱ्याचा गजरा, अत्तर त्या दिवशी नको. पोटभर जेवून जा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे कोरडे दिवस असतात. निवडणुकीच्या वेळीही तारखा तपासा.

गाडी चालवणाऱ्याने घोटही घेऊ नये. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे गुन्हा, आणि परतीला पुढे कसारा घाट आहे. ठाण्याहून सकाळची तपोवन एक्सप्रेस धरा, नाशिकरोडहून रिक्षा करा.

आणि शंका आली तर तिथेच, त्याच क्षणी बोला. सोबतचे "जाऊ दे" म्हणतील. जाऊ देऊ नका.

माझ्याकडे गिऱ्हाईक मसाल्याचा पुडा घेऊन आलं आणि म्हणालं, "काकू, वास बरोबर नाही," तर मी आधी पुडा उघडते आणि स्वतः वास घेते. मग बोलते. त्या मालकांनी प्याला हातात घेऊन एकदा हुंगला असता, तर मला हे लिहावंच लागलं नसतं.