पिल्लं सांभाळणारे मासे

बहुतेक मासे अंडी टाकतात आणि निघून जातात. कटला, रोहू हे मासे पावसाळ्यात पुराच्या पाण्यात लाखो अंडी टाकतात. पुढे त्यांचं काय झालं हे ते बघत नाहीत. पुष्कळ अंडी आणि पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात. पण काही मासे लेकरं सांभाळतात. आपल्याकडची मरळ त्यातलीच. तिची पिल्लं पाण्यात वरच्या बाजूला घोळक्याने फिरतात आणि आईबाप खाली राहून राखण करतात.

पिल्लं सांभाळण्यात माशांचं एक घराणं फार हुशार आहे. त्याचं नाव सिक्लिड. जगात सिक्लिडच्या दीड हजारांहून जास्त जाती आहेत. बहुतेक आफ्रिकेत आणि अमेरिका खंडात राहतात. भारतातल्या मूळच्या जाती मात्र तीनच. कोकणात आणि गोव्यात खाडीत सापडणारा काळुंदर त्यातला एक. केरळात त्याला करीमीन म्हणतात. २०१० साली तो केरळचा राज्यमासा झाला.

सिक्लिड ओळखायची खूण सोपी आहे. इतर बहुतेक माशांना नाकाच्या प्रत्येक बाजूला दोन भोकं असतात. सिक्लिडला एकेकच असतं.

काळुंदरचा धाकटा भाऊ म्हणजे नारिंगी क्रोमाइड. हा बोटाएवढा, पिवळसर नारिंगी मासा काचेच्या टाकीत पाळता येतो. त्याची पैदास कशी करतात ते पाहू.

टाकी : ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच टाकी एका जोडीला पुरते. गणित करा. ६० × ३० × ३० = ५४,००० घनसेंमी, म्हणजे ५४ लिटर. एवढ्या पाण्याचंच वजन ५४ किलो होतं, म्हणून टाकी मजबूत टेबलावर ठेवावी.

पाणी : नळाच्या पाण्यात जंतुनाशक पावडर असते. असं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवून मग वापरावं. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं. पाणी २५ ते २८ अंश इतकं उबदार हवं. आपल्याकडे थंडीत पाणी फार गार पडतं, म्हणून पैदाशीला उन्हाळा बरा. वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला तर तांब्याने टाकीतलंच पाणी घेऊन उंचावरून परत ओतावं. त्याने हवा पाण्यात मिसळते.

जोडी : नर-मादी दिसायला सारखेच. म्हणून पाच-सहा लहान मासे मोठ्या टाकीत एकत्र वाढवावे. त्यांची जोडी तेच जमवतात. मग ती जोडी वेगळी करावी. टाकीत धुतलेली वाळू, एक चपटा दगड आणि फुटक्या माठाचं खापर ठेवावं. खायला डासांच्या अळ्या, बारीक चिरलेलं गांडूळ द्यावं.

अंडी : जोडी तोंडाने दगड किंवा खापर घासून साफ करते. मग मादी त्यावर अंडी चिकटवते. ती दोन-तीनशेपर्यंत असतात. आईबाप पाळीपाळीने परांनी वारा घालतात. खराब झालेली अंडी तोंडाने काढून टाकतात. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. आईबाप त्यांना वाळूतल्या खड्ड्यात नेऊन ठेवतात. साधारण आठवड्याने ती पोहू लागतात आणि आईबापांच्या अंगावरचा चिकट थर टोचून टोचून खातात! गाईच्या वासराला दूध, तसा त्यांना हा थर. म्हणून पिल्लं आईबापांपासून लगेच वेगळी करू नयेत.

आता याच घराण्यातल्या चिलापीची गोष्ट. चिलापी मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली तो खाण्यासाठी म्हणून भारतात आणला. याची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते आणि त्या दिवसांत जवळजवळ उपाशी राहते. पोहायला लागलेली पिल्लंसुद्धा धोका दिसला की आईच्या तोंडात शिरतात. म्हणून अंडी थोडी असली तरी पुष्कळ पिल्लं जगतात. शिवाय चिलापी वर्षातून अनेकदा वितो. थोड्याच वर्षांत तो तळ्यांत, धरणांत इतका वाढला की देशी माशांना जागा आणि खाणं कमी पडू लागलं. १९५९ साली त्याचा आणखी प्रसार करायला बंदी घातली गेली. पण पाण्यात गेलेला मासा परत कोण गोळा करणार? आज भीमेवरच्या उजनी धरणातही चिलापी भरपूर आहे.

मित्रांनो, पिल्लं सांभाळणं हा माशाचा गुणच आहे. पण परक्या पाण्यात तोच गुण तिथल्या माशांच्या मुळावर येतो. टाकीत मासे जास्त झाले की काही लोक पुण्य म्हणून ते नदीत सोडतात. त्यात पुण्य नाही. कानदी नदीचं पाणी गुंजवणीला जातं, गुंजवणीचं नीरेला आणि नीरेचं भीमेला. इथे सोडलेला मासा इथेच राहत नाही. मरळ, वाम, झिंगे हे आपल्या ओढ्यानदीचं धन आहे.

पालकांनाही विनंती आहे. टाकीतला मासा ओढ्यात, विहिरीत किंवा धरणात सोडू नये. जास्तीचे मासे टाकी असणाऱ्याला द्यावे किंवा दुकानदाराला परत करावे.

उत्तरं वहीत लिहा :
१) ७५ × ३० × ४० सेंमीच्या टाकीत किती लिटर पाणी मावेल?
२) कटला लाखो अंडी टाकतो, चिलापी थोडी. तरी चिलापी का वाढतो?
३) तुमच्या आजोबांना ओढ्यातले कोणते मासे माहीत आहेत? त्यांना विचारून नावं लिहा.