करिंथची भोजनगृहे

अभ्यासवाचन : १ करिंथ ८:१-१३, १०:१४-३३

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तीच्या मंदिरात जेवावयास बसलेल्या बंधूचा उल्लेख आहे (८:१०). मंदिरात पंगत कशी बसत असे? करिंथच्या मातीने याचे पुष्कळसे उत्तर दिले आहे.

अथेन्स येथील अमेरिकन अध्ययनसंस्था १८९६ पासून तेथे उत्खनन करीत आहे. आरोग्यदेव आस्क्लेपियस याच्या मंदिराच्या आवारात तीन भोजनगृहे सापडली. प्रत्येकात भिंतींलगत ११ आसने होती. ग्रीक लोक डाव्या कोपरावर रेलून जेवीत. म्हणून आसने लांब असत, आणि ती भिंतींलगत नीट बसावीत यासाठी दार मध्यावर न ठेवता एका बाजूस ठेवीत. या खुणेवरून उत्खनक अशी खोली ओळखतात.

आक्रोकरिंथ डोंगराच्या उतारावर देमेतेर व कोरे या देवींच्या पवित्रस्थानी १९६१ पासून झालेल्या उत्खननात अशा कितीतरी खोल्या उजेडात आल्या. काहींना लागून स्वयंपाकाची व स्नानाची जागाही होती.

तथापि येथे सावध राहावे. इ. स. पू. १४६ मध्ये रोमी सेनापती मुम्मियस याने करिंथ उद्ध्वस्त केले; इ. स. पू. ४४ मध्ये जूलियस सीझरने ते पुन्हा वसविले. पौल तेथे आला तो इ. स. ५० च्या सुमारास. देवींची पूजा पुढे पुन्हा सुरू झाली, पण डोंगरावरील ती भोजनगृहे पुन्हा उभी राहिली नाहीत. म्हणून पौलाने म्हटलेली पंगत तेथेच बसत होती, असे म्हणता येत नाही. उत्खननाने आपणांस रीत कळते, तो विशिष्ट प्रसंग नव्हे.

ती रीत मात्र बोलकी आहे. अशा खोलीत जेमतेम दहाबारा माणसे मावत. कोण आले, कोणी नकार दिला, हे लपत नसे. मिसर देशातील ऑक्सिरिंखस येथे सापडलेल्या पपायरसांत सरापिस देवाच्या मेजावर भोजनास बोलाविणारी निमंत्रणे आहेत. म्हणजे यजमान माणूस असला तरी मेज देवाचे. निमंत्रण नाकारणे म्हणजे आप्तांना व स्नेह्यांना दुखविणे होते.

हे ध्यानी घेतले म्हणजे पौलाचा भेद स्पष्ट होतो. बाजारातील मांस चौकशी न करता खावे (१०:२५); मूर्तीच्या मेजाचे भागीदार मात्र होऊ नये (१०:२१). शिवाय ज्ञानी बंधूच्या मोकळिकीने दुर्बळ बंधू अडखळू नये.

विचारासाठी प्रश्न :
१. ८:१० व १०:२७ यांतील प्रसंगांत कोणता फरक आहे?
२. आपल्या मोकळिकीकडे कोणाचे डोळे लागलेले आहेत?