कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तर : ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी



मागच्या सभेत विषय निघाला आणि अर्ध्या बायकांनी हात वर केले, “ताई, आमच्याकडंही तसंच झालंय.” म्हणून या अंकातला पाठ व्हायरसचा. तापाचा नव्हे, कॉम्प्युटरचा.

आपल्या संघातल्या एका गटाच्या सचिवताईंची गोष्ट सांगते. घरात मुलीसाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर. त्यावरच गटाचा तीन वर्षांचा हिशेब, ठरावांच्या प्रती आणि बँकेत द्यायचा कर्जाचा प्रस्ताव. प्रस्तावाची प्रिंट काढायला मुलगी पेनड्राईव्ह घेऊन बाजारच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात गेली. घरी येऊन तो परत लावला, तर प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण आलेला. क्लिक केलं की फोल्डर उघडायचा, म्हणून कुणाला संशय आला नाही. चार दिवसांनी कॉम्प्युटर रांगायला लागला आणि एके सकाळी फोल्डर उघडेचनात. सोमवारी बँकेत प्रस्ताव द्यायचा, आणि हा शुक्रवार.

मोबाईल दुरुस्तीवाल्या मुलानं बघितल्या बघितल्या सांगितलं, “फॉरमॅट मारावं लागेल. पाचशे रुपये.” फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी करणं. व्हायरस जातो, पण हिशेबही जातो. ताई म्हणाल्या, “थांब बाबा, आधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवते.” तेवढ्या एका वाक्यानं तीन वर्षांचा हिशेब वाचला.

दुसरं कोण? तालुक्याच्या गावी जिथं मुलीनं एमएस-सीआयटी केलं, तिथल्या मॅडम. त्यांनी कॉम्प्युटरला हात लावण्याआधी प्रश्न विचारले, डॉक्टर विचारतात तसे. कधीपासून होतंय? त्याआधी काय नवीन टाकलं? कुणाकुणाचा पेनड्राईव्ह लागतो? यावर बँकेचं काम करता का? याची उत्तरं तुम्ही घरूनच कागदावर लिहून न्या. पडद्यावर काही संदेश येत असेल तर मोबाईलनं त्याचा फोटो काढून ठेवा. जाणकाराचं अर्धं काम तिथंच होतं.

मग मॅडमनी सगळ्यात आधी इंटरनेट बंद केलं. घुसलेला प्रोग्राम बाहेर माहिती पाठवत असेल तर ती वाट बंद व्हावी, म्हणून. तुम्हीही शंका आली की हेच करा, जाणकाराची वाट बघत बसू नका. आणि तोवर त्या कॉम्प्युटरवर बँकेचा पासवर्ड टाकू नका.

आता त्या बाणाचं गुपित. हा व्हायरस फायली खोडत नाही. खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. आपण शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालू होतो, मग फोल्डर उघडतो. लपवताना तो फोल्डरवर विंडोजच्या स्वतःच्या फायलींसारखा शिक्का मारतो, त्यामुळं ‘हिडन आयटेम्स’वर टिक केली तरी ते दिसत नाहीत. मॅडमनी काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करून तो शिक्का काढला आणि सगळे फोल्डर जागच्या जागी! ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

पण हे काम त्यांनी पहिल्यांदा केलं नाही, हे लक्षात घ्या. आधी कॉम्प्युटर साफ केला, पेनड्राईव्ह नंतर. उलट केलं असतं तर साफ केलेला पेनड्राईव्ह लावताक्षणी पुन्हा बाधला असता. बऱ्याच जणी इथंच फसतात. पेनड्राईव्ह तीन-तीन वेळा साफ करून आणतात आणि घरी आल्यावर ‘परत तेच’ म्हणून कपाळाला हात लावतात.

कॉम्प्युटर साफ करायला वेगळं काही विकत आणलं नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ आधीपासूनच असतं. त्यात ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, मग ‘स्कॅन ऑप्शन्स’. तिथं ‘क्विक’ नाही, ‘फुल स्कॅन’ निवडायचं. त्याला तास-दोन तास, जुन्या मशीनवर त्याहून जास्त वेळ लागतो. स्वयंपाक आटपून घ्या. काही चिवट प्रोग्राम विंडोज चालू असताना निघत नाहीत, त्यांच्यासाठी तिथंच खाली ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. तो मशीन बंद-चालू करून साधारण पंधरा मिनिटांत तपासतो. उघडी कामं आधी सेव्ह करा. नंतर मॅडमनी मशीन चालू होताना आपोआप सुरू होणारे प्रोग्राम तपासले आणि ब्राउझरला चिकटलेली दोन अनोळखी एक्स्टेन्शन काढून टाकली. एकावर एक दोन अँटिव्हायरस मात्र टाकू नका. ते एकमेकांतच भांडतात आणि मशीन आणखी मंदावतं.

सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’सुद्धा आहे, २०१७ साली सुरू झालेलं. तिथं साफसफाईची साधनं फुकट मिळतात. आणि अँटिव्हायरस म्हटलं की काही तरी परदेशी, असं वाटत असेल तर जाता जाता सांगते : क्विक हील उभं करणारे कैलास काटकर हे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडं वळले, आणि अँटिव्हायरस लिहिला तो त्यांचे भाऊ संजय यांनी.

फॉरमॅट कधीच करू नये, असं मी म्हणत नाही. काही वेळा तोच खरा उपाय असतो. पण त्याआधी हिशेब, फोटो, कागदपत्रं दुसरीकडं काढून घ्या. प्रोग्रामच्या फायली घेऊ नका, त्यांच्यासोबत पाहुणाही परत येतो. फॉरमॅटनंतर विंडोज अधिकृतच टाकायला सांगा. ‘क्रॅक’ केलेलं फुकट मिळतं, पण त्याच्या पोटातच बऱ्याचदा व्हायरस असतो. मराठी टायपिंगसाठीही कुठलं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवायला नको, विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड मुळातच आहे. आणि विंडोज १० ला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणं कंपनीनं ऑक्टोबर २०२५ मध्ये संपवलं. तुमचं मशीन ११ वर जाऊ शकतं का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

आता जाणकाराच्या वेषातल्या चोराविषयी. पडद्यावर लाल रंगात मोठ्यानं ओरडणारी पाटी येते : ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात, ताबडतोब या नंबरवर फोन करा’. तो फोन कधीही करायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतोच. पलीकडचा माणूस गोड बोलतो, एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतो, आणि मग तुमचा पडदा त्याच्या हातात. पाटी जात नसेल तर ‘ऑल्ट’ आणि ‘एफ ४’ एकदम दाबा. तरीही हटली नाही तर बंद करायचं बटण दाबून धरा, मशीन बंद होईल. एनीडेस्क वाईट नाही, आपले ओळखीचे सरही ते वापरतात. पण फोन आपण केलेला असावा, काम होईपर्यंत आपण समोर बसावं, आणि झाल्यावर ते काढून टाकावं. ओटीपी किंवा पिन कुठल्याही दुरुस्तीला लागत नाही.

पैसे गेलेच, तर लाजू नका, घरात लपवू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे पुढं सरकतात. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस असेल तर पैसे देऊ नका. दिले तरी फायली मिळतीलच असं नाही. त्या कुलूपबंद फायली मात्र टाकू नका, काही प्रकारांची किल्ली ‘नो मोअर रॅन्सम’ या युरोपातल्या पोलिसांच्या उपक्रमात फुकट मिळते. जाणकाराला हे नाव सांगा.

सचिवताईंचं काम संध्याकाळी सहाला उरकलं. मॅडमच्या सांगण्यावरून त्यांनी बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मोबाईलवरून बदलला. हिशेबाची एक प्रत वेगळ्या पेनड्राईव्हवर काढली, आणि तो आता गटाच्या पेटीत शिक्क्यासोबत असतो, कॉम्प्युटरला लावलेला नसतो. सोमवारी प्रस्ताव बँकेत गेला. मॅडम पैसे घ्यायला तयार नव्हत्या, पण ताईंनी त्यांच्या हातात मानधनाचं पाकीट ठेवून पावती घेतलीच, आणि ती गटाच्या खर्चात दाखवली.

पुढच्या मासिक सभेला प्रत्येक गटानं आपला पेनड्राईव्ह सोबत आणावा. मॅडम येणार आहेत, त्यांच्या लॅपटॉपवर सगळे तपासून देतील. ज्यांच्या फोल्डरवर बाण दिसतोय त्यांनी तोवर तो कुठल्याही मशीनला लावू नये, आणि पेनड्राईव्हवर गटाचं नाव लिहिलेली चिकटपट्टी लावून आणावी.