आजारातून उठलेल्यास एकाएकी दम लागणे

रोगी इस्पितळातून घरी आला म्हणजे घरच्यांस हायसे वाटते, आणि पुढे होणारी त्याची प्रत्येक तक्रार ‘अशक्तपणा’ या एका नावाखाली घालण्यात येते. हा शब्द आम्हांस फार फसवा वाटतो. २०२० व २०२१ सालच्या कोविडच्या साथीत काही रोग्यांचे फुप्फुस एकाएकी मिटले. डॉक्टर यास न्यूमोथोरॅक्स म्हणतात. रोग्यांच्या भेटीस जाणाऱ्या उपदेशकांनी ही विपत्ती ओळखण्यास शिकावे, अशी आमची विनंती आहे.

फुप्फुसावर एक पातळ पडदा असतो व बरगड्यांच्या आतून दुसरा. दोहोंमध्ये किंचित ओलावा असतो, हवा मुळीच नसते. म्हणूनच फुप्फुस छातीच्या भिंतीस लागून फुगलेले राहते. एरव्ही ते रबराप्रमाणे आकसू पाहणारेच आहे. त्यास छिद्र पडून पडद्यांमध्ये हवा शिरली, की ते मिटते. विषाणूंच्या तीव्र दाहाने आतील वायुकोशांच्या भिंती जीर्ण झालेल्या असतात. मग खोकल्याची एखादी जोराची उबळही पुरते. श्वासयंत्रावर ठेवलेल्यांस हे अधिक वेळा झाले. इस्पितळात दाखल झालेल्या एकंदर कोविड रोग्यांत हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास होते. परंतु ज्यांस यंत्र कधी लागलेच नव्हते अशांसही, आणि काहींस ताप उतरून गेल्यावरही, हे झाले. इन्फ्लुएंझाच्या तीव्र न्यूमोनियातही असे घडू शकते.

मग अशक्तपणाहून हे वेगळे कसे ओळखावे? अशक्तपणा दिवसांनी ओसरतो. ही पीडा घटकेत येते. काल ओट्यापर्यंत चालत गेलेला मनुष्य आज बिछान्यावर उठून बसतानाच धापा टाकतो. छातीच्या एकाच बाजूस टोचल्यासारखी कळ येते व श्वास घेताना ती वाढते. ओठ निळसर झाले, नाडी फार जलद चालली किंवा भोवळ आली, तर कोंडलेली हवा हृदयासही दाबू लागली असेल. अशा वेळी मिनिटांचा हिशेब असतो.

छाती चोळणे, वाफारा देणे, डाग देणे यांत वेळ दवडू नये. डाग देणे तर निव्वळ क्रूरपणा होय. रोग्यास टेकून बसवावे, १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी, आणि न्यूमोनिया कधी झाला होता व कळ कोणत्या वेळी आली हे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे. छातीच्या फोटोत बहुधा निदान होते.

हवा थोडी असल्यास प्राणवायू देऊन रोग्यास नजरेखाली ठेवतात. अधिक असल्यास बरगड्यांमधून नळी घालतात, आणि हे ऐकूनच पुष्कळ नातलग सही करण्यास कचरतात. वास्तविक ती जागा आधी बधिर करतात. नळीचे दुसरे टोक बाटलीतील पाण्यात बुडालेले असते; कोंडलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते, पण परत आत शिरू शकत नाही. ही बाटली नेहमी रोग्याच्या छातीहून खाली असावी. झाडलोट करताना कोणी ती खाटेवर उचलून ठेवू नये. बुडबुडे थांबले व फोटोत फुप्फुस फुगलेले दिसले, म्हणजे नळी काढतात.

घरी आल्यावर विडी कायमची सोडावी, आणि डॉक्टर सांगतील तोवर जड ओझे उचलू नये. ही व्याधी उलटू शकते. तीच कळ पुन्हा आली, तर जुने फोटो व कागद बरोबर घेऊन तत्काळ इस्पितळ गाठावे.