खंदकातली पत्रं कुणी वाचली?

प्रश्न : पहिल्या महायुद्धातल्या मराठा पलटणींची वर्णनं नुसती शौर्याची असतात. खंदकातल्या शिपायाला स्वतःला काय वाटत होतं? त्यांची पत्रं वाचायला मिळतात का?
— एक वाचक, जाम (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : मिळतात; आणि ती टिकली ती सरकारने फोडून वाचली म्हणूनच. १९१४च्या अखेरीस फ्रान्समध्ये हिंदी सैनिकांच्या टपालासाठी वेगळी सेन्सॉर कचेरी निघाली. ई. बी. हॉवेल तिचे प्रमुख होते. पत्रांतले उतारे इंग्रजीत करून त्यांचे अहवाल लंडनला जात. हे अहवाल आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, मूळ पत्रं मात्र बहुतेक नाहीशी झाली. अहवालांतही पंजाबी आणि पठाण शिपाईच जास्त. खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४मध्ये न्यव्ह शापेलला लढल्या, तरी मराठी पत्रं थोडीच.

बरेच शिपाई निरक्षर. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं, ते साहेबाच्या नजरेखालून जायचं आणि गावात कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं. त्यामुळे 'मी खुशाल आहे' एवढ्यावरून काही ठरवू नये, असं मला वाटतं. खरं सांगायचं ते आडून. काहींनी हिंदी शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हटलं. काळी मिरी संपत आली, म्हणजे भरती होऊ नका. सेन्सॉरला तेही उमगलं.

याच पत्रांचं पुढे काय झालं ते बघा. सेन्सॉरकडचे उतारे मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किपलिंगला दाखवण्यात आले. त्यांवरून त्याने शिपायांच्या तोंडी काल्पनिक पत्रं लिहिली. १९१८मध्ये 'द आइज ऑफ एशिया' या नावाने त्यांचं पुस्तक निघालं. त्यात युरोपचं कौतुक भरपूर, मूळ पत्रांतली निराशा गाळलेली. शिपायाच्याच शब्दांतून प्रचार उभा राहिला!

मराठा पलटणींची मोठी कहाणी मात्र मेसोपोटेमियातली (आजच्या इराकमधली). १०३, ११० आणि ११७ या पलटणी कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. खंदकांत पुराचं पाणी, रोज घटणारा शिधा. घोड्याचं मांस खायला अनेक हिंदी शिपाई बराच काळ तयार नव्हते. धर्मगुरूंची परवानगी मागवूनही सुरुवातीला फारसा फरक पडला नाही. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली. सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेलं आणि त्यांतले कितीतरी वाटेतच गेले. ११७व्या पलटणीला युद्धानंतर 'रॉयल' ही पदवी मिळाली, आणि पलटणीच्या इतिहासात ठळक दिसते ती पदवीच.

म्हणून सरकारी कागद म्हणजे खोटाच, असं मात्र समजू नका. याच मोहिमेतल्या जखमींनी खचाखच भरलेल्या, घाणीने माखलेल्या बोटीबद्दल मेजर कार्टर या डॉक्टरांनी तक्रार केली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली. पण १९१७च्या मेसोपोटेमिया आयोगाने त्यांची साक्ष जशीच्या तशी छापली आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावं लागलं.

वाचायचं असेल तर डेव्हिड ओमिसी यांनी संपादित केलेला 'इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर' (१९९९) हा पत्रसंग्रह घ्या. बंगाली येत असेल, तर त्याआधी शिशिर सर्वाधिकारी यांचं 'अभि ले बगदाद' (१९५७). ते रुग्णसेवा पथकातून कुतला गेले आणि तुर्कांच्या कैदेतही दैनंदिनी लिहीत राहिले. ती कुठल्याच सेन्सॉरने वाचलेली नाही.