पर्यावरण अभ्यास : पास होण्यापुरता विषय की हिशेब शिकवणारा विषय?



पदवीच्या वर्गात दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. "सर, पर्यावरणाचा पेपर अवघड असतो का? यात तर सगळेच पास होतात ना?" मग प्रकल्पाची वही मागच्या वर्षीच्या मुलांकडून येते, मुखपृष्ठ बदलते आणि विषय संपतो. नुकसान मार्कांचे होत नाही. आयुष्यभर उपयोगी पडेल अशी एक सवय मात्र हातची जाते.

आधी हा विषय आला कुठून ते पाहू. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा सक्तीचा विषय म्हणून शिकवण्याबाबत निर्देश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी एक सामाईक अभ्यासक्रम तयार केला. म्हणजे कॉमर्सचा विद्यार्थी असो की कलाशाखेचा, हा विषय सगळ्यांचाच. कारण पाणी, वीज आणि कचरा यांत शाखा नसतात.

या विषयाचा गाभा म्हणजे 'शाश्वत विकास'. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने ही कल्पना जगभर पोचवली. आजच्या गरजा भागवायच्या, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येणार नाहीत अशी वेळ आणायची नाही, असा तिचा अर्थ. व्याख्या पाठ व्हायला दोन मिनिटे लागतात. ती कळते मात्र हिशेब मांडला की.

चला, मांडूनच पाहू. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी मिळते. समजा, तुमच्या कॉलेजची गच्ची १००० चौरस मीटर आहे आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे ५ लाख लिटर पाणी झाले. काही वाफ होऊन गेले, काही वाया गेले असे धरून पाचवा भाग सोडला, तरी ४ लाख लिटर उरते. आता दुसरी बाजू. नळातून सेकंदाला एक थेंब गळतो आणि २० थेंबांचा साधारण १ मिलिलिटर होतो असे धरा. दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर आणि वर्षाला दीड हजार लिटरहून जास्त पाणी गेले! हा झाला एकच नळ.

हाच हिशेब अख्ख्या गावाने केला तर काय होते? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारकडे पाहा. सरासरी पाऊस सुमारे ४०० मिलिमीटर, म्हणजे दुष्काळी पट्टाच. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने डोंगरावर चर खणले, झाडे लावली, मोकाट चराईला आळा घातला. पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. पाऊस किती पडला ते मोजायचे, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी, मग उरलेल्यावर पिके ठरवायची. उसाला पूर्ण हंगामात १५०० मिलिमीटरहून अधिक पाणी लागते, मग ४०० मिलिमीटरच्या गावाने तो लावायचा कसा? म्हणून तिथे ऊस आणि केळीला फाटा दिला, शेतीसाठी बोअरवेलही बंद ठेवली.

बोअरवेल का? कारण जमिनीखाली बांध नसतो. एकाने खोल बोअर घेतली की शेजाऱ्याची उथळ विहीर आटू शकते. खर्च करणारा एक, भोगणारा दुसरा! पर्यावरणाच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ याच वाक्यात सापडेल. शहरातला कचरा ज्या गावाच्या हद्दीत जाऊन पडतो, त्या गावालाही विचारून बघा.

म्हणून कोणत्याही वस्तूबाबत तीन प्रश्न विचारायला शिका. ती कुठून आली? वापरून झाल्यावर कुठे जाणार? आणि तिचा भार कोणावर पडणार? हे तीन प्रश्न सुचायला लागले की अभ्यासक्रमाचे काम झाले म्हणायचे.

आता प्रकल्पाविषयी. विषय मोठा नको. 'जागतिक तापमानवाढ' यावर वीस पाने उतरवण्यापेक्षा आपल्या वसतिगृहाचा सात दिवसांचा पाण्याचा हिशेब मांडा. टाकी किती लिटरची, दिवसातून किती वेळा भरते, राहणारे किती, गळके नळ किती, एवढे रोज लिहा. माणशी रोजचा वापर काढा. गळतीखाली मोजपात्र ठेवा, दहा मिनिटे घड्याळ लावा आणि आकडा नोंदवा. शेवटी एकच सूचना लिहा, पण ती कोणी, कधी आणि किती खर्चात अमलात आणायची हेही लिहा.

असा प्रकल्प कदाचित सहा पानांचाच होईल. चालेल! आकडे तुमचे स्वतःचे असले पाहिजेत. वही जमा करण्याआधी त्या हिशेबाची एक प्रत वसतिगृहाच्या रेक्टरांना द्या आणि नळ दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.