ऐकू येते, परंतु उमगत नाही : श्रवणमार्गातील आनुवंशिक दोष

घंटा वाजताच उठणारा, हाक मारल्यावर वळून पाहणारा एखादा मुलगा श्रुतलेखनात मात्र शब्दामागून शब्द चुकतो. वर्गात गलबला असल्यास त्यास काहीच उमगत नाही. अशा मुलास ‘मठ्ठ’ वा ‘दुर्लक्षी’ ठरविण्यापूर्वी, दोष कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गात असू शकेल, हे शिक्षकाने ध्यानात घ्यावे.

ध्वनीमुळे कानाचा पडदा हलतो. ती हालचाल तीन लहान हाडांमार्फत अंतःकर्णात पोहोचते. तेथील रोमपेशी तिचे संकेतांत रूपांतर करतात व श्रवणतंतू ते संकेत मेंदूकडे नेतात. ‘प’ आणि ‘ब’ यांतील भेद क्षणाच्या अल्पांशाचा असतो. संकेत विस्कळीत झाल्यास आवाज कळतो, अक्षर कळत नाही. या विकारास 1996 मध्ये स्वतंत्र नाव मिळाले. मराठीत त्यास श्रवणतंतुविकार म्हणता येईल.

जन्मसमयीची तीव्र कावीळ अथवा अकाली जन्म ही त्याची काही कारणे होत. दुसरे कारण आनुवंशिक आहे. 1999 मध्ये पॅरिस येथील पाश्चर संस्थेतील संशोधकांनी ‘ओटीओएफ’ या जनुकातील दोष शोधून काढला. रोमपेशीकडून तंतूकडे संकेत पोहोचविणारे प्रथिन या जनुकावर अवलंबून असते. हा दोष असलेली बहुतेक मुले जन्मतः बहिरी असतात. क्वचित एखाद्यास एरवी बरे ऐकू येते, परंतु ज्वर चढताच ऐकू येईनासे होते आणि ज्वर उतरल्यावर पूर्ववत येते. हे सोंग नव्हे.

आईबाप दोघेही उत्तम ऐकणारे असून प्रत्येकाकडे एकेक सदोष जनुक असू शकते. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. मामाच्या मुलीशी विवाह यासारख्या नात्यातील संबंधांत हा संभव वाढतो. यास्तव ‘घरात कोणी बहिरे नाही’ एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. मातेस दोष तर मुळीच देऊ नये.

शिक्षकांनी पुढीलप्रमाणे वागावे :

1. मुलास पुढे, आपला चेहरा दिसेल असे बसवावे. ओरडून उपयोग नाही. सावकाश बोलावे व फळ्यावर लिहावे.

2. ज्वरात ऐकण्यात फरक पडतो काय, याची पालकांकडे चौकशी करून नोंद ठेवावी.

3. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास ही नोंद दाखवावी. केवळ अंतःकर्णाची तपासणी निर्दोष येऊ शकते. म्हणून मेंदूपर्यंतच्या संकेतांची ‘बेरा’ तपासणीही करण्याविषयी विचारावे.

श्रवणयंत्र आवाज वाढविते, परंतु विस्कळीत संकेत सुधारीत नाही. ओटीओएफच्या दोषात अंतःकर्णात बसविलेले कॉक्लिअर यंत्र बहुधा उपयोगी पडते. शांघाय येथे या जनुकाची निर्दोष प्रत कानात सोडून सहा मुलांवर उपचार झाले. त्यांपैकी पाच जणांस ऐकू येऊ लागल्याचे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि भाषा शिकण्याची वर्षे थोडी असतात. ती शिक्षेत व्यर्थ जाऊ नयेत, हे शिक्षकाच्या हाती आहे.